‘केलं’ की ‘केलं आहे’? : इंग्रजीतल्या दोन काळांविषयी
प्रस्तावना

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलं. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या इस्रोच्या नियंत्रण केंद्रात टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जोहान्सबर्गहून पडद्यावर बघत असलेल्या पंतप्रधानांना इंग्रजीत दोन छोटी वाक्यं सांगितली: ‘वी हॅव अचीव्ह्ड सॉफ्ट लँडिंग ऑन द मून. इंडिया इज ऑन द मून.’

या दोन वाक्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी काम झाल्याचं सांगितलं, लगेच त्यामुळे आत्ता काय स्थिती आहे ते सांगितलं. पहिल्या वाक्यातलं काम घडून गेलेलं आहे, पण त्या वाक्याचा पाय आत्ताच्या क्षणात रोवलेला आहे. म्हणूनच त्याच्या पाठोपाठ ‘इज’ इतक्या सहज आला. शाळेत ‘हॅव’ची ओळख करून देताना वर्षभर घोकून घेतलेले नियम बाजूला ठेवून शिक्षकांनी नुसती ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली तरी निम्मं काम होईल.

त्याच संध्याकाळी इस्रोच्या खात्यावरून एक संदेश निघाला. त्यात यानाच्या तोंडी वाक्य होतं, ‘आय रीच्ड माय डेस्टिनेशन अँड यू टू’, आणि त्याखाली बातमी होती, ‘चंद्रयान-थ्री हॅज सक्सेसफुली सॉफ्ट-लँडेड ऑन द मून’. एकच घटना, एकच संदेश, आणि काळ दोन. ‘हॅज सॉफ्ट-लँडेड’ ही बातमी देण्याची इंग्रजीची रीत झाली. ‘आय रीच्ड’ मात्र आपल्याकडचं आहे. रात्रीच्या बसने येऊन पहाटे बेंगळुरूच्या मॅजेस्टिकला उतरलेला मुलगा सोलापूरला आईला फोन करतो तेव्हा ‘पोहोचलो’ म्हणतो. ‘पोहोचलो आहे’ म्हणत नाही. इंग्लंडमधला भाषाशिक्षक तिथे ‘आय हॅव रीच्ड’ लिहायला सांगेल, अमेरिकेतला कदाचित सोडून देईल. आणि ज्या वाक्यात सहा वाजून चार मिनिटं ही वेळ सांगायची, तिथे या दोघांनाही ‘लँडेड’च लिहावं लागेल. ‘हॅज लँडेड अ‍ॅट सिक्स झीरो फोर’ हे वाक्य इंग्रजी कानाला सहन होत नाही.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ यांतला कुठला कधी निवडायचा. विषय लहान दिसतो. पण मराठी माध्यमातून किंवा मराठी घरातून आलेल्या आणि इंग्रजीत रोज काम करणाऱ्या माणसाला शब्दसंग्रह अडवत नाही, उच्चार अडवत नाहीत, अडवतात ते हे दोन काळ. माझा बेंगळुरूतला अनुभव तरी असाच आहे. व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी, मान्यता टेक पार्क इथल्या कचेऱ्यांतून शनिवारी माझ्याकडे येणारी मराठी मुलं-मुली तांत्रिक इंग्रजी बिनचूक लिहितात, आणि ‘आय हॅव सेंट द मेल येस्टरडे’ या वाक्यापाशी थांबतात. चूक आहे हे त्यांना अंधुक जाणवतं. का चूक आहे ते सांगता येत नाही.

याचं कारण मला वाटतं असं, की आपल्याला हे काळ शिकवताना आपली मराठी कुणी विचारातच घेतली नाही.

तीन मराठी वाक्यं घ्या. ‘मेल पाठवला.’ ‘मेल पाठवला आहे.’ ‘मेल पाठवला होता.’ या तिन्हींतला फरक पाचवीतल्या मुलालाही कळतो. पहिल्यात काम उरकलं. दुसऱ्यात काम उरकून ते आता तुमच्या हाती आलं, बघा. तिसऱ्यात काम पूर्वीच झालं, मग पुढे काहीतरी घडलं किंवा घडायला हवं ते घडलं नाही. म्हणजे इंग्रजीत जे तीन साचे आहेत, तेच तीन मराठीत आहेत. साचे तेच असल्यामुळे आपण समजतो की ते एकास एक जुळतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. साचे जुळतात, त्यांच्या हद्दी जुळत नाहीत.

पहिली हद्द बघा. ‘जेवलास का?’ असं आपण विचारतो, आणि उत्तर येतं, ‘जेवलो.’ दोन्ही वाक्यं साध्या भूतकाळातली. इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला ‘हॅव यू ईटन?’ म्हणतात, कारण त्यांना आत्ता तुमचं पोट भरलेलं आहे का हे विचारायचं असतं. मराठीत तेच विचारायचं असतं, पण मराठी त्यासाठी साध्या भूतकाळावर समाधानी असते. खरं तर आपला ‘ला’ लागलेला हा भूतकाळ, जुने व्याकरणकार ज्याला लाख्यात म्हणत, तो नुसता भूतकाळ नाहीच. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण जागेवरून न उठताच ‘आलो’ म्हणतो. स्टॉपवर उभे असताना बस वळणावर दिसली की ‘बस आली’ म्हणतो. ‘पाऊस आला तर खेळ बंद’ या वाक्यात पाऊस अजून यायचाच आहे. मराठी हे रूप काळापेक्षा पूर्णत्वासाठी वापरते. काम पूर्ण झालं, किंवा झाल्यातच जमा आहे, एवढं तिला पुरतं. इंग्रजी साधा भूतकाळ मात्र काटेकोरपणे भूतकाळ आहे, मागे पडलेला, संपलेला.

दुसरी हद्द याहून अवघड. ‘मी त्यांना कालच सांगितलं आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ शेजारी बसतात, कुणालाही खटकत नाही. इंग्रजीत ‘येस्टरडे’ आला की ‘हॅव’ला जागा उरत नाही. ही अट मराठीला विचित्र वाटते यात नवल नाही. ती जगातल्या पुष्कळ भाषांना विचित्र वाटते. जर्मन माणूस ‘मी काल पत्र लिहिलं आहे’ या अर्थाचं वाक्य आपल्या भाषेत बिनदिक्कत बोलतो. फ्रेंच माणूसही. म्हणूनच बेंगळुरूतल्या कचेऱ्यांत जर्मनीहून आलेले सहकारीही ‘आय हॅव सेंट इट येस्टरडे’ लिहिताना दिसतात. भाषावैज्ञानिकांनीही या अटीवर बराच खल केला आहे. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ साली या विषयावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी याला कोडं म्हटलं आहे. तेव्हा हे कोडं न सुटल्याबद्दल सांगली-सातारच्या मुलाने स्वतःला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

कोडं सोडवायची किल्ली मात्र आपल्याच व्याकरणात पडलेली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. मराठी व्याकरणाची ही परंपरा ‘केलं आहे’ या रूपाला पूर्ण वर्तमानकाळ म्हणते. इंग्रजी रूपालाही आपल्या शालेय पुस्तकांनी तेच नाव दिलं. आपण मात्र ‘पूर्ण’ हा शब्द वाचतो आणि ‘वर्तमानकाळ’ वाचायचा विसरतो. हा वर्तमानकाळ आहे. वर्तमानकाळातल्या वाक्यात ‘काल’ कसा येईल? ‘आय अ‍ॅम इन पुणे येस्टरडे’ जितकं अशक्य, तितकंच ‘आय हॅव गॉन टु पुणे येस्टरडे’ अशक्य. मराठीने आपल्या पूर्ण वर्तमानकाळाला ही सवलत दिली, इंग्रजीने दिली नाही, इतकाच फरक.

शाळेत सांगितला जाणारा नियम वेगळाच आहे, आणि तो बराच गोंधळ घालतो. ‘नुकतंच घडलं असेल तर हॅव लावा, जुनं असेल तर साधा भूतकाळ.’ मी हा नियम इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की तो कुठल्यातरी मार्गदर्शकातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला असावा. तो टिकत नाही. ‘आय सॉ हिम अ मिनिट अगो’ यातली घटना मिनिटापूर्वीची आहे आणि काळ साधा. ‘आय हॅव सीन हंपी’ यातली हंपीची सहल तीस वर्षांपूर्वीची असू शकेल आणि काळ पूर्ण वर्तमान. किती दिवस झाले याचा इथे संबंध नाही. तुम्ही बोलताना ज्या कालखंडाविषयी बोलता आहात तो मिटलेला आहे की अजून उघडा आहे, हे बघायचं. काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, शाळेत असताना: हे कालखंड मिटले. आज, या आठवड्यात, आतापर्यंत, माझ्या आयुष्यात: हे अजून उघडे आहेत. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात काळांची जी मांडणी केली, तिचा गाभाही हाच आहे. घटना कधी घडली आणि आपण कधी बोलतो आहोत, या दोन बिंदूंच्या जोडीला आपण कुठे उभे राहून बघतो आहोत हा तिसरा बिंदू त्यांनी धरला. साध्या भूतकाळात आपण मागे जाऊन उभे राहतो. पूर्ण वर्तमानकाळात आपण आत्ताच्या जागेवरून हलत नाही.

याच शहरातलं उदाहरण घेतो. १९५० साली बेंगळुरूतल्या एका मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांनी इथल्या शहर बससेवेत कंडक्टरची नोकरी केली. पुढे जग त्यांना रजनीकांत म्हणून ओळखू लागलं. त्यांचा पहिला चित्रपट १९७५ चा. आता इंग्रजीत सांगायचं तर ‘ही वर्क्ड अ‍ॅज अ बस कंडक्टर’, कारण ती नोकरी संपली, तो कालखंड मिटला. आणि ‘ही हॅज अ‍ॅक्टेड इन फिल्म्स सिन्स नाइन्टीन सेव्हंटी-फाइव्ह’, कारण तो अजून चालू आहे. इथे ‘ही हॅज वर्क्ड अ‍ॅज अ कंडक्टर’ म्हटलं तर? तेही चालेल, पण अर्थ बदलेल: आयुष्यात त्यांनी काय काय केलं आहे त्या यादीत हेही आहे, आणि ती यादी अजून पुरी झालेली नाही. माणूस हयात आहे म्हणून यादी उघडी आहे.

माणूस गेला की यादी मिटते. गिरीश कर्नाड माथेरानला जन्मले, कन्नडमध्ये लिहीत राहिले, १९९८ साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं, आणि १० जून २०१९ रोजी बेंगळुरूत त्यांचं निधन झालं. त्या सकाळपर्यंत त्यांच्याविषयी ‘ही हॅज रिटन सम ऑफ द फायनेस्ट प्लेज इन कन्नडा’ असं लिहिता येत होतं. दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत ‘ही रोट’ आलं. एका क्रियापदातून ‘हॅज’ गेला आणि माणूस गेल्याचं कळलं. मात्र ‘तुघलक हॅज बीन ट्रान्सलेटेड इंटू मेनी लँग्वेजेस’ हे वाक्य आजही बरोबर आहे आणि पुढेही राहील, कारण त्या वाक्याचा कर्ता नाटक आहे, आणि नाटक हयात आहे. इंग्रजीतली ही बारीक जाण मला मनापासून आवडते. व्याकरणाचा नियम म्हणून ती पाठ करवत नाही, पण एकदा कळली की विसरत नाही.

बेंगळुरूत बसून हे पुस्तक लिहिण्याला आणखी एक कारण आहे. इथला मराठी माणूस दोन नाही, तीन भाषांच्या मधोमध राहतो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे गाव जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून इथे मराठी आणि कन्नड शेजारी आहेत. आणि या एका बाबतीत कन्नड अगदी मराठीसारखी वागते. दुपारी लिफ्टमध्ये भेटलेला कन्नड सहकारी ‘ऊटा आय्ता?’ विचारतो, शब्दाला शब्द ठेवला तर ते ‘जेवण झालं का?’ होतं, साधा भूतकाळ. त्याला हाक मारली की तो ‘बंदे’ म्हणतो, म्हणजे ‘आलो’, आणि तोही तेव्हा अजून खुर्चीतच असतो. ‘आलो आहे’साठी त्याच्याकडे ‘बंदिद्देने’ आहे, ‘गेलो होतो’साठी ‘होगिद्दे’. दोघांची भाषाकुळं वेगळी, पण भूतकाळ मांडायची सवय एक झालेली. त्यामुळे मराठी मुलगा चुकीचं इंग्रजी वाक्य बोलतो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कन्नड मुलीला ते चुकीचं वाटत नाही, कारण तिच्याही भाषेतून ते तसंच उतरतं. चूक दुरुस्त व्हायला आधी ती कुणाला तरी खटकावी लागते. इथे ती कुणालाच खटकत नाही.

बेंगळुरूहून श्रवणबेळगोळ सुमारे १४५ किलोमीटरवर आहे. तिथल्या गोमटेश्वराच्या पायापाशी मराठीतलं ते प्रसिद्ध वाक्य कोरलेलं आहे: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. आपण शाळेत ते आद्य शिलालेख म्हणून शिकलो. त्याच्या कालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि अक्षीचा शिलालेख त्याहून जुना मानणारे पुष्कळ आहेत. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. तिथे हीच गोष्ट कन्नड आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, तमिळमध्ये ‘सेय्वित्तान्’, मराठीत ‘करवियलें’. मूर्ती समोर उभी आहे, काम पूर्ण होऊन डोळ्यांसमोर दिसतं आहे, आणि तरी तिन्ही भाषांनी ‘आहे’ लावण्याची गरज मानली नाही. साध्या भूतकाळात सगळं भागलं. दक्षिणेतल्या भाषांची आणि मराठीची ही सवय इतकी जुनी आहे. ती मोडून काढावी असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. इंग्रजी लिहिताना ती ओळखता यावी, एवढंच.

आता तिसऱ्या साच्याविषयी, कारण कचेरीत सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पुस्तक दोन काळांचं असलं तरी ‘हॅड’ला टाळून पुढे जाता येत नाही.

आपण म्हणतो, ‘गेल्या वर्षी आम्ही काशीला गेलो होतो.’ जाऊन परत आलो, गोष्ट जुनी झाली, म्हणून ‘होतो’. इंग्रजीत हे सरळ ‘वी वेंट’ आहे. पण आपल्याकडे ते ‘वी हॅड गॉन टु काशी लास्ट इयर’ होतं. घरगुती गप्पांत त्याने काही बिघडत नाही. आता एक प्रत्यक्षातला मेल बघा. नांदेडकडच्या एका मुलीने अमेरिकेतल्या ग्राहकाला लिहिलं: ‘आय हॅड डिप्लॉइड द पॅच ऑन फ्रायडे.’ तिला सांगायचं होतं की शुक्रवारी दुरुस्ती बसवली, ती सुरळीत चालू आहे. ग्राहकाने उलट विचारलं: मग पुढे काय झालं, तुम्ही ती परत काढलीत का? ती चक्रावली. पण ग्राहकाचा प्रश्न रास्त होता. ‘हॅड’ ऐकला की इंग्रजी वाचक पुढच्या घटनेची वाट बघतो. शुक्रवारी बसवली होती, आणि नंतर? गंमत अशी की हाच अर्थ मराठी ‘होती’तही लपलेला असतो. ‘दुरुस्ती बसवली होती’ असं मराठीत कुणी म्हटलं तर आपणही ‘मग?’ असंच विचारू. तिने तोच मेल आधी मराठीत मनात म्हणून बघितला असता, तर ‘शुक्रवारी बसवली’ हेच तोंडात आलं असतं, आणि ‘डिप्लॉइड’ बरोबर उतरलं असतं. मराठी तिच्या आड आली नव्हती. अर्धवट मराठी आणि अर्धवट नियम यांची सरमिसळ आड आली होती.

इतर ठिकाणी याची किंमत जास्त असते. ‘द पेशंट हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप अजून आहे. ‘द पेशंट हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप येऊन गेला. पाळी बदलताना परिचारिकेने केसपेपरवर यांतलं कुठलं लिहिलं यावर पुढचा डॉक्टर काय बघेल ते ठरतं. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ लिहिलं तर तुम्ही अजून तिथेच आहात. ‘आय वर्क्ड देअर’ लिहिलं तर सोडलंत. कचेरीतल्या रोजच्या सकाळच्या ‘स्टँड-अप’ बैठकीत पहिला प्रश्न ‘व्हॉट डिड यू डू येस्टरडे?’ असा असतो. प्रश्नातच ‘डिड’ आहे, प्रश्नातच ‘येस्टरडे’ आहे, कालखंड विचारणाऱ्यानेच मिटवून दिलेला आहे. तरी उत्तर येतं, ‘येस्टरडे आय हॅव कम्प्लीटेड…’ या उत्तराची सुधारणा हे माझ्या वर्गाचं पहिलं काम असतं, कारण ती रोज वापरायला मिळते.

हे सगळं शिकवायचं कसं, याबद्दल बेंगळुरूलाच एक मोठा प्रयोग झाला आहे, आणि आपल्याकडच्या फार थोड्या शिक्षकांना तो माहीत आहे. इथल्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या आश्रयाने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत इंग्रजीचे वर्ग चालवले. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत तो ‘बँगलोर प्रोजेक्ट’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रभूंचं म्हणणं असं, की मुलाचं लक्ष अर्थावर गुंतलेलं असतं तेव्हा व्याकरण आपोआप मुरतं. म्हणून त्यांच्या वर्गात काळ, विभक्ती, वाक्यरचना असा क्रमच नव्हता. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा आणि प्रश्न सोडवायला सांगायचे: अमुक गावाला संध्याकाळपूर्वी पोहोचायचं तर कुठली गाडी धरावी? आधी शिक्षक सगळ्या वर्गासोबत तसाच एक प्रश्न सोडवत, मग मुलं एकेकटी. १९८७ साली त्यांनी या अनुभवावर ग्रंथ लिहिला. आज कार्याधारित शिक्षण म्हणून जे जगभर चालतं, त्याच्या मुळाशी या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे याच्या अगदी उलट परंपरा होती. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या: मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा मराठी वाक्य. त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण घराघरात आलं. यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले पी. सी. रेन. मग २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. पद्धती बदलत गेल्या, आणि बदलताना एक गोष्ट हातातून निसटली: मराठी आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर ठेवून बघण्याची सवय. भाषांतर पद्धतीचे दोष खरे आहेत. तिने शिकलेली माणसं वाचू-लिहू शकत, बोलताना अडत. पण तिने ‘पाठवला’ आणि ‘पाठवला आहे’ हा भेद निदान डोळ्यांसमोर ठेवला होता.

प्रभूंबद्दल मला नितांत आदर आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला शिकवायचं असेल तर मी त्यांचीच वाट धरीन. पण हे पुस्तक दहा वर्षांच्या मुलासाठी नाही. तिशीतल्या माणसाला रोज शंभर मेल वाचूनही हा भेद आपोआप मुरलेला नसतो, कारण त्याच्या भोवतीचं इंग्रजीही त्याच्यासारख्याच माणसांनी लिहिलेलं असतं. त्याच्या हाताशी एकच गोष्ट भरवशाची आहे, ती म्हणजे त्याची मराठी. म्हणून या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण मराठी वाक्यापासून सुरू होतं. आधी ते वाक्य आपण का तसं बोलतो हे बघायचं, मग त्याचा कालखंड उघडा की मिटलेला हे ठरवायचं, आणि शेवटी इंग्रजी क्रियापदाला हात घालायचा.

बरोबर-चूक ठरवताना मी फार कडक राहिलेलो नाही. ‘आय जस्ट अराइव्ह्ड’, ‘डिड यू ईट यट?’ ही अमेरिकेत रोज बोलली जाणारी वाक्यं आहेत. ब्रिटिश पुस्तकं तिथे ‘हॅव’ मागतात. बेंगळुरूतल्या ज्या माणसाचा ग्राहक टेक्सासमध्ये आहे त्याने लंडनच्या पुस्तकातला नियम पाळायचा हट्ट धरू नये. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ या तीन शब्दांपुरता हा फरक ठळक आहे आणि त्याला वेगळं प्रकरण दिलं आहे. मिटलेल्या कालखंडाच्या बाबतीत मात्र अटलांटिकच्या दोन्ही काठांवर एकमत आहे. ‘येस्टरडे’सोबत ‘हॅव’ कुठेच चालत नाही. भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र इंग्रजी आहे आणि तिला तिचे नियम असावेत, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. चहाच्या टपरीवर ‘आय हॅड गॉन’ खुशाल म्हणा, तिथे सगळ्यांना कळतं. ज्या कागदावर कुणाची जबाबदारी, कुणाचा पगार किंवा कुणाची तब्येत अवलंबून आहे, त्या कागदावर मात्र जगाने जो अर्थ लावायचा तोच लागेल असं लिहिता आलं पाहिजे.

‘बेंगळुरूत मी दहा वर्षं राहतो आहे’ या वाक्याचं ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ का होतं, हा याच विषयाला लागून असलेला प्रश्न आहे. इथे मराठी वर्तमानकाळ वापरते आणि इंग्रजी पुन्हा ‘हॅव’कडे वळते. तो पाचव्या प्रकरणात आहे. नकारार्थी वाक्यं आणि प्रश्न सहाव्यात आहेत. ‘मी अजून जेवलो नाही’ आणि ‘मी काल जेवलो नाही’ या दोन वाक्यांतला फरक ज्याला स्पष्ट दिसतो, त्याला ते प्रकरण सोपं जाईल.

पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. पण वाचायला घेण्यापूर्वी एक करा. गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः लिहिलेले दहा मेल छापून घ्या, आणि भूतकाळ सांगणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा. ‘हॅव’ दिसला तर त्या वाक्यात मिटलेली वेळ आहे का बघा. ‘हॅड’ दिसला तर त्याच्यापुढे घडलेली दुसरी घटना शोधा. ती नसेल तर तो ‘हॅड’ काढून टाका. हे कागद फेकू नका. तिसरं प्रकरण संपल्यावर त्यांतलीच वाक्यं पुन्हा लिहायची आहेत, त्यासाठी पुस्तकात दुसरी वाक्यं दिलेली नाहीत.